आदिवासी मुलांना महाविद्यालयापर्यंत सोबत करताना : नव्या मार्गदर्शकांसाठी

आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींना उच्च शिक्षणापर्यंत पोहोचण्यास मदत करावी, अशी मनापासून इच्छा असणारी माणसे आता बरीच भेटतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, पुण्या-नाशिकला नोकरी करणारे तरुण असतात आणि त्याच समाजातून शिकून पुढे गेलेलेही असतात. इच्छा खरी असते, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही आणि मग पहिली भेट म्हणजे शाळेच्या पटांगणात मुलांना रांगेत बसवून केलेले तासाभराचे भाषण ठरते. भाषण संपते, पाहुणे संध्याकाळच्या एसटीने परत जातात आणि मुलांचे पुढचे वर्ष जसे जायचे तसेच जाते. त्या भाषणाच्या पुढे काय करायचे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी गेली अकरा वर्षे हे काम करते आहे, त्यांतील बहुतेक नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत आणि मधली तीन पालघरमध्ये गेली. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. हुशार मूल शिक्षणाच्या वाटेवर कोठेही, कसेही गळत नाही, तर गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. नववीत गणित आणि इंग्रजी सुटते ती पहिली जागा, दहावीनंतर शाखा निवडण्याचे आठ-दहा दिवस ही दुसरी, जात पडताळणी, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याची समितीकडून होणारी तपासणी, ही तिसरी, प्रवेश झाल्यापासून शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येईपर्यंतचे महिने ही चौथी आणि शहरातील पहिल्या वर्षाची दिवाळी ही पाचवी. मार्गदर्शकाने या पाच जागांवर वेळेआधी जाऊन उभे राहायचे असते, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आपण कोणाबरोबर काम करणार आहोत ते समजून घ्या

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के होती. राज्याच्या यादीत ४५ जमाती आहेत आणि त्यांपैकी कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेषतः असुरक्षित गटात मोडतात. ‘आदिवासी विद्यार्थी’ असा एकच विद्यार्थी कोठेही नसतो. अकोले-जुन्नरकडील महादेव कोळी कुटुंबात कदाचित आजोबाही मॅट्रिक झालेले असतात, तर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबात दहावीच्या वर्गात बसणारी मुलगी घराण्यात पहिलीच असू शकते. या दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

भाषेचेही तसेच आहे. भिली, पावरी, वारली आणि कातकरी या भाषा मराठीच्या लांबच्या नात्यातल्या आहेत, गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या आहेत, आणि मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातली आहे. कोरकूमध्ये नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी होते, मराठीसारखी तीन लिंगे तिथे नाहीत. त्यामुळे कोरकू मूल मराठी बोलताना ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांत गोंधळते, तेव्हा त्याला व्याकरण येत नाही असे नसते, तर त्याच्याजवळ वेगळे व्याकरण असते. पहिल्या भेटीत अशा चुकीवर कोणी हसले, तर ते मूल पुढची दोन वर्षे तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही, हे मी पाहिलेले आहे.

त्या भागाचे वर्ष कसे फिरते, हेही विचारून घ्या. पालघर-रायगडमधील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण असतो, भोंगऱ्याचा बाजार त्याच्या आधीच्या दिवसांत भरतो, आणि बोर्डाच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. ‘परीक्षा आहे, होळीला घरी जाऊ नकोस’ असे सांगणारा मार्गदर्शक हरतो. जानेवारीतच वेळापत्रक घेऊन बसावे, होळीचे दोन दिवस त्यात आधीच मोकळे ठेवावेत आणि परतीची गाडी कोणती हे मुलाबरोबर ठरवावे, म्हणजे मूल जाते आणि परतही येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुले गुरे चारायला जातात तिथेच कुरणशाळा नेली होती. मुलाच्या दिवसाशी शाळेने जुळवून घ्यावे ही त्यामागची समज महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठीही तितकीच खरी आहे.

दुसरी पायरी : परवानगी, नियम आणि झेपेल तेवढाच शब्द

शासकीय किंवा अनुदानित आश्रमशाळेत काम करायचे असेल, तर संबंधित एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि मुख्याध्यापकांना आधी भेटा. ओळखीने थेट वर्गात जाऊ नका. वसतिगृहाची जबाबदारी अधीक्षक आणि स्त्री अधीक्षिका यांच्याकडे असते. तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता येणार आणि कोणत्या मुलांना भेटणार, हे त्यांना माहीत असले पाहिजे. मुलांशी बोलणे नेहमी उघड्या जागी, वर्गाचे दार उघडे ठेवून आणि शक्यतो दोघा-तिघांना एकत्र बसवून करावे. एकट्या मुलीला किंवा मुलाला गाडीतून कोठे नेऊ नये, मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि एखाद्या मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ती आपल्यापाशी ठेवू नये. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याने अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केलेले आहे.

किती मुले घ्यावीत, असे नवीन मंडळी विचारतात. चार घ्या, फार तर पाच. महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट आणि आठवड्याला एक फोन एवढे किमान तीन वर्षे जमणार असेल तरच होकार द्या. आश्रमशाळेत मुलांजवळ मोबाइल नसतो, म्हणून फोन अधीक्षकांच्या वेळेत करावा लागतो, आणि सुट्टीत मूल घरी गेले की रेंज पाड्याच्या वरच्या टेकडीवरच मिळते. म्हणून फोनचा वार आणि वेळ पक्की ठेवा. मूल टेकडी चढून तुमच्या फोनची वाट पाहत बसते, हे ध्यानात असू द्या.

तिसरी पायरी : नववीपासून, भाषेपासून

काम बारावीत सुरू करू नका, नववीत करा, आणि जमल्यास आठवीत. आठवीला एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील हुशार मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती मिळाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र शासनाच्या निवासी शाळेत राहून शिकणारी मुले तिला पात्र नसतात, त्यामुळे गावातून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलांकडे याबाबतीत लक्ष द्यावे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावी विज्ञानाला गेले की सगळी पुस्तके एकदम इंग्रजीत समोर येतात. पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलासाठी ती तिसरी भाषा असते. ऑक्टोबरपर्यंत वर्गात गप्प बसणे आणि दिवाळीनंतर परत न येणे, असा याचा शेवट मी अनेकदा पाहिला. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. दोनशे पानी वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखायचे आणि त्यांत घरचा शब्द, मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द लिहायचा. सुरुवात मुलाला जे पक्के येते तिथून करायची, म्हणजे झाडे, पाने, माती, पाऊस आणि गुरांचे आजार यांपासून. धडगावच्या एका आश्रमशाळेतील नववीच्या मुलीने पहिल्या महिन्यात एकसष्ट झाडांची नावे लिहून आणली होती. मला त्यांतली वीसही ओळखता आली नाहीत. मोहाच्या पानापुढे तिने ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द स्वतः देवनागरीत लिहिला आणि त्याच्या खाली पान हिरवे का असते हे आपल्या भाषेत दोन ओळींत लिहिले. अकरावीत तो शब्द ऐकून ती दचकली नाही. वही दहावीच्या शेवटापर्यंत चालू ठेवा, भौतिकशास्त्र आणि गणिताचे शब्दही त्यात येऊ द्या.

गणिताबाबत एवढेच सांगते की नववीच्या मुलाची चाचणी घेताना पाचवीच्या अपूर्णांकांपासून घ्या. गाठ तिथे असते, आणि ती सुटली की बीजगणित पुष्कळसे आपोआप सरळ होते.

चौथी पायरी : घरी जा

शाळेत भेटणारे मूल हे निम्मे मूल असते. वर्षातून एकदा तरी त्याच्या पाड्यावर, वाडीवर किंवा पोडावर जा, आणि जाण्याआधी निरोप द्या. ज्या दिवशी शेतात काम नसेल तो दिवस निवडा. आई-वडिलांना काका, मावशी म्हणा, ‘तुम्ही’ म्हणा, आणि पहिल्या भेटीत शिक्षणाचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ पुढे आली तर बसून जेवा. ‘तुमच्या मुलाचे भले व्हावे म्हणून मी आलो आहे’ हे वाक्य टाळा, कारण त्याचे भले त्यांना कळत नव्हते असा अर्थ त्यातून निघतो.

बोलणे सुरू झाले की त्यांचे प्रश्न नीट ऐका. पैसे किती लागतील हा प्रश्न सहसा दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो तो मुलगी कोठे राहील, कोणाबरोबर जाईल आणि आजारी पडली तर आम्हाला कोण कळवील हा. याचे उत्तर आकड्यांत देता येत नाही. तिथे शिकत असलेल्या जवळच्या गावातल्या एखाद्या मुलीला बरोबर नेले, तर तिच्या पाच मिनिटांच्या बोलण्याने जे होते ते माझ्या तासभराच्या समजावणीने होत नाही. डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातील सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातून नवोदय विद्यालयात गेले, मुंबईत डॉक्टर झाले, पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत आले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारीही झाले. हे उदाहरण मुलांना जरूर सांगावे. पण पालकांच्या निर्णयाला बळ देते ती शेजारच्या पाड्यावरची, बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आणि सुट्टीत घरी येऊन भात लावणारी मुलगी. अशा मुलामुलींची यादी तालुक्यागणिक करून ठेवा.

दहावीच्या निकालाच्या आधीच्या मे महिन्यात लग्ने ठरतात. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असल्याचे कानावर आले, तर एकट्याने वाद घालायला जाऊ नका. गावातील अंगणवाडी सेविका, आशाताई आणि आत्या किंवा मामा यांपैकी कोण घरात ऐकले जाते हे शोधा आणि त्यांना पुढे करा. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह कायद्याने गुन्हा आहे आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, हे दोन्ही त्यांना माहीत असू द्या.

पाचवी पायरी : दहावीनंतरचे आठ-दहा दिवस

हा सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक काळ आहे. अनेक मुले मैत्रीण गेली म्हणून, वसतिगृह तिथे आहे म्हणून किंवा सरांनी फॉर्म भरला म्हणून कला शाखेला जातात. कला शाखा कमी दर्जाची आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. कायदा, समाजकार्य, भाषा, शिक्षण आणि प्रशासन यांचे दरवाजे तिथूनही उघडतात. पण विज्ञान आणि गणित एकदा सोडले की परत धरता येत नाही, आणि हे मुलाला माहीत असताना त्याने निवड करावी, इतकेच आपले काम आहे.

निकालाच्या आधी, एप्रिलमध्येच, प्रत्येक मुलाबरोबर कागदावर तीन वाटा लिहा. एक वाट अकरावी-बारावीची असते, दुसरी तंत्रनिकेतनातील पदविकेची आणि तिसरी आयटीआयची. पदविकेची वाट आपल्याकडे उपेक्षित राहते, असे मला नेहमी वाटते. तीन वर्षांची पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि मध्येच थांबावे लागले तरी हाताशी काहीतरी पक्के असते. शेतीची ओढ असलेल्या मुलांना राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांची माहिती द्या, कारण घरच्या कामाचे ज्ञान पदवीत कामाला येईल अशी ती जागा आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ घराजवळ आहे, आणि लांब जाण्याची तयारी असलेल्यांना अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय आदिवासी विद्यापीठही आहे.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती नव्या मार्गदर्शकांकडून हमखास होते. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे गणितात फार चांगला मुलगा होता. मी त्याच्यासाठी अभियांत्रिकी ठरवली, फॉर्म भरले, पुण्यातील एका महाविद्यालयात प्रवेशही झाला, आणि दिवाळीला तो घरी गेला तो परत आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्या पाड्यावर गेले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “ताई, मला शिक्षक व्हायचं होतं. तुम्ही विचारलंच नाही.” तो नंतर गणित घेऊन बीएस्सी झाला, पण त्याचे एक वर्ष माझ्यामुळे गेले. तेव्हापासून मी मुलांना तुला काय व्हायचे आहे असे विचारत नाही, कारण त्यावर ठरलेली उत्तरे येतात. कोणते काम करताना वेळ कसा जातो ते कळत नाही, असे विचारते, आणि उत्तर यायला दोन-तीन भेटी लागल्या तरी थांबते.

सहावी पायरी : कागद

गुण असूनही प्रवेश हुकतो तो बहुतेक वेळा कागदांमुळे. हे काम कंटाळवाणे आहे, पण तुमच्याकडून मुलाला मिळणारी सर्वांत मोठी मदत हीच आहे. नववीतच प्रत्येक मुलासाठी एक फाइल करा आणि तिच्यात जन्माचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असल्यास तो, रेशनकार्ड आणि सातबारा किंवा वनहक्काचे प्रमाणपत्र यांच्या प्रती ठेवा.

पहिले काम नावाचे असते. शाळेच्या रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, असे सर्रास आढळते. ‘पावरा’ हे जमातीचेही नाव आहे आणि आडनावही आहे, त्यामुळे कोठे वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेलेले असते, तर कोठे इंग्रजी स्पेलिंग बदललेले असते. कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून असते, कारण पहिलीत नाव घालताना कोणीतरी तीच लिहिली. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जे छापले जाईल तेच आयुष्यभर चालते, म्हणून दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरण्याआधी करून घ्या, कारण नंतर ती महिनेन् महिने चालते.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या म्हणजे प्रांतांच्या सहीने मिळतो, आणि त्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. पण अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी तेवढा पुरत नाही. त्यासाठी अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीत ज्याला व्हॅलिडिटी म्हणतात ते, लागते. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयामार्फत हा अर्ज करता येतो. अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून व्हॅलिडिटी मिळेल या भरवशावर राहिलेल्या मुलांच्या जागा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

समितीला पुरावा लागतो तो मुख्यतः ६ सप्टेंबर १९५० या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तारखेपूर्वीचा. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा मिळतो. गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने जमीन अभिलेख आणि हक्कनोंदी शोधाव्या लागतात. काही नोंदी मोडी लिपीत असतात आणि त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. एका पावरा मुलीसाठी आम्ही दोघी तालुक्याच्या अभिलेख कक्षात दीड दिवस बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, पिवळ्या पडलेल्या, कडा झडलेल्या पानावर तिच्या पणजोबांचे एकेरी नाव आणि त्यापुढे ‘भिल्ल’ अशी नोंद सापडली. तिने त्या अक्षरांवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. भिल्ल आणि पावरा या दोन्ही नोंदी राज्याच्या यादीत एकाच क्रमांकाखाली येतात, हे अर्जाबरोबरच्या शपथपत्रात स्पष्ट लिहावे लागले. वडील, काका, आत्या अशा वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून सर्वांत आधी वंशावळ काढा आणि भाऊबंदांत विचारा.

काही प्रकरणांत जमातीच्या चालीरीती, देव, लग्नाच्या पद्धती आणि बोली यांविषयी चौकशी होते. ही चौकशी एकटी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे, तरीही मुलाने तयार असावे. अडचण अशी की पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलेल्या मुलाला आपल्याच घरच्या विधींची माहिती थोडी असते. यासाठी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम द्या : आजीजवळ बसून लग्न, बारसे, पेरणीची पूजा आणि देवाची नावे तिच्या शब्दांत लिहून आणायची. चौकशीसाठी म्हणून सुरू झालेल्या या वह्या मुलांनी पुढे वसतिगृहात जपून नेल्या आहेत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो आणि तो मुदतीत ठेवावा लागतो. अधिवास प्रमाणपत्र एकदाच काढावे लागते. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला अनुसूचित जमातींना लागत नाही, तरी तो लागेल म्हणून पैसे मागणारे लोक सेतूबाहेर उभे असतात, याची मुलांना आधीच कल्पना द्या.

सातवी पायरी : परीक्षा आणि अर्ज

याबाबत माहिती सर्वत्र मिळते, म्हणून मोजकेच लिहिते. नीट, जेईई मेन आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी या परीक्षा मराठीतूनही देता येतात. माध्यम अर्जातच निवडायचे असते आणि ते मुलाशी बोलून ठरवावे. राज्याच्या प्रवेशांत अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के, तर केंद्रीय संस्थांत साडेसात टक्के जागा असतात, आणि आयआयटीत या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असते. अर्ज मुलाने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसावे. लॉगिन आणि पासवर्ड फाइलच्या पहिल्या पानावर मुलाच्या अक्षरात लिहिलेले असावेत, आणि मोबाइल क्रमांक असा द्यावा की तो चार वर्षे बंद पडणार नाही. मामाच्या नंबरावर ओटीपी गेला आणि मामा ऊसतोडीला गेला होता, एवढ्या कारणाने एका मुलाची प्रवेशाची एक फेरी हुकली होती.

‘थेट प्रवेश करून देतो’ म्हणून दुसऱ्या राज्यातील नर्सिंग किंवा फार्मसी महाविद्यालयात नेणारे दलाल जुलै-ऑगस्टमध्ये पाड्यांवर फिरतात. संस्था नियामक परिषदेच्या मान्यतेची आहे का ते आधी पाहा, आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही हाती देऊ नका. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाने ठेवून घेऊ नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा आदेश आहे.

आठवी पायरी : प्रवेशापासून पहिल्या हप्त्यापर्यंत

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि त्यावर उत्पन्न असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचे असतात. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी वेगळा अर्ज असतो. वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवली गेली. बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री जूनमध्येच करून घ्या, कारण न जोडलेल्या खात्यात पैसे येत नाहीत आणि ते का आले नाहीत हे मुलाला कोणी सांगत नाही.

पण हे पैसे जूनमध्ये येत नाहीत. प्रवेश, गादी-बादली, मेसची अनामत, एसटीचे भाडे आणि पुस्तके हा खर्च पहिल्या आठवड्यात होतो, आणि हप्ता यायला बरेच महिने जातात. याच फटीत अनेक मुले घरी परततात किंवा कोणाकडून तरी व्याजाने पैसे उचलतात. नव्या मार्गदर्शकांनी एकत्र येऊन एक छोटा फिरता निधी करावा, असे मी आग्रहाने सांगते. तो दान म्हणून देऊ नये. हप्ता आला की परत करायचा आणि पुढच्या मुलाला द्यायचा, असे स्वच्छ सांगून, कागदावर लिहून द्यावा. आमच्याकडे तो पाच जणांनी मिळून सुरू केला आणि मुलांनी पैसे परत केले. शुल्काबाबत महाविद्यालयाच्या कार्यालयातून ‘आधी पूर्ण फी भरा’ असे सांगितले गेले, तर मुलाला एकट्याने वाद घालू देऊ नका. राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्याचे शुल्क शिष्यवृत्तीतून येणार आहे, याविषयी लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या आणि तरीही अडले तर प्रकल्प कार्यालयात जा.

नववी पायरी : पहिले वर्ष

प्रवेश झाला की सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि मार्गदर्शक पुढच्या मुलाकडे वळतो. नेमकी तेव्हाच मुलाला सर्वांत जास्त गरज असते. ऑगस्टमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा, अशा दोन भेटी काहीही झाले तरी द्या. अभ्यास कसा चालला आहे हा प्रश्न शेवटी विचारा. आधी जेवण कसे आहे, खोलीत कोण आहे, वर्गात कोणाशी बोलतोस आणि कोणी काही बोलले का, हे विचारा. ‘कोट्यातून आलास ना’ हे वाक्य बहुतेकांना पहिल्या महिन्यातच ऐकावे लागते. घटनेने दिलेली जागा कोणाची मेहेरबानी नाही, हे त्याला तुमच्याकडून, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले पाहिजे. अपमान वारंवार होत असेल, तर तारीख, जागा आणि शब्द लिहून ठेवायला सांगा आणि महाविद्यालयातील समान संधी कक्षाकडे किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार करण्यासाठी बरोबर जा. मूल झोपेनासे झाले, जेवण सोडले किंवा फोन उचलणे थांबवले, तर त्याच दिवशी कोणाला तरी त्याच्या खोलीवर पाठवा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला की ‘मला जमणार नाही’ असे मुलांना वाटते, कारण विषय राहणे ही नेहमीची गोष्ट आहे हे त्यांना सांगणारे घरात कोणी नसते. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करायचे असते आणि ते विसरल्यामुळे पैसे थांबल्याची प्रकरणे खूप असतात. ते आपल्या वहीत मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा.

दिवाळीत ही मुले घरी आली की त्यांना एक दिवस जुन्या शाळेत घेऊन जा. भाषण करायला लावू नका. दहावीच्या चार मुलांमध्ये त्यांना बसवा, त्यांची फाइल उघडायला सांगा आणि तुम्ही बाजूला बसा. पहिल्या पानावरचा पासवर्ड का लिहायचा, व्हॅलिडिटीचा अर्ज कधी करायचा आणि पुण्यात पहिल्या रात्री झोप लागली होती का, हे सगळे ती मुले आपल्या भाषेत विचारतात आणि त्याच भाषेत त्यांना उत्तर मिळते.